‘पुट अप’ : वर चढणाऱ्या कागदाची भाषा

कारकुनाच्या नोकरीत रोज भेटणारे इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘पुट अप’. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर. दोन्ही एकत्र आले की अर्थ फुटतात. नोटीस लावणे, तंबू उभारणे, पाहुण्याला रात्रीपुरते ठेवून घेणे, हे सगळे ‘पुट अप’च. कचेरीत मात्र साहेबांनी ‘प्लीज पुट अप’ असा शेरा मारला की अर्थ एकच, टिपण लिहून फाईल वरिष्ठांपुढे ठेवा.

हा अर्थ आपल्या बाबूंनी हवेतून काढलेला नाही. जुन्या इंग्रजीत देवाकडे प्रार्थना ‘पुट अप’ करत आणि सत्तेकडे विनंतीअर्जही. म्हणजे शब्दात जिना आहे. मागणारा खाली, देणारा वर.

गोव्यात हा जिना आधीपासून होता, भाषा तेवढी वेगळी होती. पोर्तुगीज अमदानीत ‘पापेल सेलाद’वर, म्हणजे मुद्रांकित कागदावर, अर्ज लिहीत आणि शेवटी ‘पेद देफेरिमेंत’, म्हणजे मंजुरी मागतो, असे लिहीत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यातले सचिवालय तिथेच राहिले, पण फाईलची भाषा इंग्रजी झाली. ज्याला उभ्या आयुष्यात पोर्तुगीज धड समजली नव्हती, त्याच्यापुढे आता दुसरी न समजणारी भाषा आली.

राज्य बदलले तरी कचेरीतले शब्द सहज जात नाहीत. शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, तरी ‘अर्ज’ आणि ‘दफ्तर’ आजही आपल्या तोंडी आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापरालाही वाट मिळाली. आपल्याकडे ‘सादर करणे’ हा छान शब्दही आहे. तरी माझ्या टेबलावर मराठीत आलेल्या अर्जावरचे टिपण इंग्रजीतच लिहिले जाते. अर्जदाराला आपल्याबद्दल काय लिहिले ते कळत नाही.

शब्द परका असल्याचे मला दुःख नाही. अर्जदार परका होतो, त्याचे आहे. याच क्रियापदाला ‘विथ’ जोडा, ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सोसणे. ज्याची फाईल ‘पुट अप’ होत नाही, त्याच्या वाट्याला हेच दुसरे क्रियापद येते.