बोटुकलीची कुळकथा

पुण्यातल्या नारायण पेठेच्या कडेनं जाणारी मुठा आणि आंबेगावच्या डोंगरातून उतरणारी घोड, दोघींचं पाणी अखेर भीमेतून उजनीत जातं. पेठेतल्या ताटात मासा फारसा आला नाही, हा भाग वेगळा. पण पुणे जिल्ह्यातल्या मत्स्यशेतीची कुळकथा काढायची तर घोडेवरच्या डिंभे धरणापर्यंत जावं लागतं. तिची नायिका बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेलं माशाचं पिल्लू.

मासे पोसायची हौस जुनीच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त कुठल्या माशाला काय खाऊ घालावं इथपर्यंत तपशील आहे. पण तो राजाचा विरंगुळा. पोटासाठी मासे पाळणाऱ्याची अडचण निराळी होती. कटला, रोहू, मृगळ तळ्यात झपाट्यानं वाढतात, साचल्या पाण्यात अंडी मात्र घालत नाहीत. त्यांना पुराचं पाणी लागतं. म्हणून बीज नदीतून गाळून आणायचं, आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही यायची. ही कोंडी १९५७ साली ओडिशात फुटली. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींच्या माशांकडून अंडी मिळवली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच.

बीजाचा प्रश्न सुटला, तरी धरणाचा सुटला नाही. जिऱ्याएवढं पिल्लू जलाशयात सोडणं म्हणजे मरळीला जेवण वाढणं. बोटुकली विकत आणावी तर महाग, शिवाय वाटेत मरतात त्या वेगळ्याच. मग धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या नावावर, बीजाचे पैसे व्यापाऱ्याचे आणि मासळीचा भावही त्याचाच! कागदावरच्या सहकाराचं हे जुनं दुखणं.

डिंभ्याला मात्र धरणात जमिनी बुडालेल्या आदिवासी कुटुंबांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीनं मच्छीमार सहकारी संस्था काढली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं तंत्रज्ञान मदतीला आलं. तरंगत्या चौकटीला जाळ्याची पिशवी टांगायची, हा झाला पिंजरा; त्यात बीज सोडायचं, खाद्य घालून बोटुकली करायची आणि मग धरणात मोकळी करायची. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्याहून पिंजरा मोठा वाटतो, कारण त्यानं बीज संस्थेच्या हाती आणलं.

बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी लावू नका, विणीच्या दिवसांत मासेमारी थांबवा, असं मत्स्यव्यवसाय खातं सांगतच असतं. पण खिशातून खाद्य घालून पिल्लू वाढवलेला सभासद शेजाऱ्याच्या जाळ्याचा आस स्वतःच तपासतो. म्हणून ठेका देताना नुसती रक्कम पाहू नये. बीज संस्थेनं स्वतः वाढवावं अशी अट घालावी, आणि पहिल्या पिंजऱ्यांचा खर्च सरकारनं उचलावा.