वेव्हर्लीचं मांजर

परवा रविवारी पुतणीचा फोन आला. ती गेली बारा वर्षं इंग्लंडात, सरे काउंटीत गिल्डफर्डच्या जवळ राहते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काका, एक विचारते, पण हसायचं नाही हं. आपल्याकडे बिबटे असतात तसे इकडे असू शकतात का हो?"

झालं होतं असं, की तिचा नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळी धापा टाकत घरी आला. शेताच्या कडेला मोठं काळं मांजर पाहिलं म्हणाला. केवढं? तर समोरच्यांच्या लॅब्रडॉर कुत्र्याएवढं! जावईबापू हसले, म्हणाले कुणाचा तरी बोका असेल. पोरगं ऐकेना. मग ते चिडले, हा रडला आणि न जेवताच झोपला. "हे म्हणतात, आत्ताच आवरलं नाही तर खोटं बोलायची सवय लागेल. तुम्ही एवढी वर्षं शाळेत काढलीत, तुम्हीच सांगा काय करू."

मी म्हटलं, बघतो. माझा विषय इतिहास, प्राणिशास्त्र नव्हे. इंग्रजी वाचायला आम्हा मराठी माध्यमवाल्यांना जरा वेळही लागतो. पण आता वेळाला काय तोटा आहे? आठवडाभर या इंग्रजी वाघाच्या मागे लागलो. ('वाघ' म्हणजे आपल्या खेड्यातल्या अर्थाने. आपली माणसं बिबट्यालाही वाघच म्हणतात.) आणि गंमत पहा, या सगळ्या भानगडीतली जी जुनी साक्ष जो तो सांगतो, ती पुतणीच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावरची निघाली!

साक्षीदाराचं नाव विल्यम कॉबेट. जन्म १७६३, फार्नम गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. पुढे हा मोठा पत्रकार झाला, सरकारशी भांडला, तुरुंगात गेला, उतारवयात पार्लमेंटातही बसला. दक्षिण इंग्लंडात घोड्यावरून हिंडून त्याने खेड्यापाड्यांची हलाखी लिहून काढली. ते लेख १८३० साली 'रूरल राइड्स' या नावाने पुस्तकरूपात आले. शेतीचे भाव, मजुरांची उपासमार, जमीनदारांना शिव्या असा सगळा मामला. त्यातच मधे एका मांजराची गोष्ट येते.

फार्नमजवळ वेव्हर्ली नावाचा पडका मठ आहे, ११२८ साली स्थापन झालेला. त्याच्या बागेत कॉबेट लहानपणी काम करायचा. तिथे एका पोकळ एल्म वृक्षात त्याने एक मांजर शिरताना पाहिलं. ते मध्यम आकाराच्या स्पॅनियल कुत्र्याएवढं होतं म्हणतो. घरी येऊन सांगितलं तेव्हा आधी बोलणी बसली. तरी हेका सोडला नाही म्हणून मार बसला. मार खाऊनही त्याने शब्द बदलला नाही. पुढे सैन्यात भरती होऊन तो कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकला गेला. तिथे त्याला तिथलं मोठं करडं रानमांजर, म्हणजे लिंक्स, दिसलं आणि वाटलं, अरे, वेव्हर्लीचं मांजर हुबेहूब असंच होतं! साठीला आला तेव्हाही शपथेवर सांगायची त्याची तयारी होती.

आता खरं काय असेल? लिंक्स इंग्लंडातून मध्ययुगातच नामशेष झालेला. अस्वल, लांडगाही गेले. मांजराच्या कुळातलं उरलं ते रानमांजर, आणि आज तेही फक्त स्कॉटलंडात तग धरून आहे. तेव्हा कॉबेटने एखादा थोराड रानबोका पाहिला असेल, किंवा कुणा हौशी श्रीमंताचं पळालेलं जनावर. राजेलोक तर लंडनच्या टॉवरमध्ये तेराव्या शतकापासून सिंह पाळून होते. पण मला भावला तो त्याचा मापाचा शब्द. 'राक्षसाएवढं' म्हणाला नाही, 'स्पॅनियलएवढं' म्हणाला.

त्यानंतर एकदम १९६०च्या दशकात यावं लागतं, पण गाव मात्र तेच. फार्नम आणि आसपास लोकांना प्यूमा दिसू लागला. वर्तमानपत्रांनी त्याचं 'सरे प्यूमा' असं बारसं केलं. गोडाल्मिंगच्या पोलीस ठाण्यात त्यासाठी वेगळी वहीच घातली होती. सप्टेंबर १९६४ ते ऑगस्ट १९६६ या दोन वर्षांत त्या वहीत ३६२ नोंदी झाल्या. हातात प्यूमा मात्र एकही आला नाही. ३६२ माणसं खोटारडी असतील असं मला वाटत नाही. पण एकाने पेपरात वाचलं की दुसऱ्याला संधिप्रकाशातलं कुत्रंही प्यूमा दिसतं, हेही तितकंच खरं. त्या देशात पूर्वी रात्रीबेरात्री माळावर भुताटकीची काळी कुत्री दिसत. कॉनन डॉयलने त्यावरच १९०२ साली बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी रचली. आता तिथे काळे बिबटे दिसतात.

मात्र हे सगळं हवेतलंच होतं असंही नाही. त्या काळी इंग्लंडात सिंह, बिबट्या विकत घ्यायला कसला परवाना लागत नसे. लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानातून १९६९ साली दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी चक्क सिंहाचा छावा विकत घेतला आणि चेल्सी भागातल्या एका फर्निचरच्या दुकानात ठेवला! ख्रिश्चन त्याचं नाव. तो पुढे केनियात जॉर्ज ॲडमसनकडे गेला आणि मालक भेटायला आल्यावर त्यांच्या गळ्यात पडला. ती चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. पण असं नशीब किती जनावरांचं? १९७६ साली कायदा आला. अशी जनावरं पाळायची तर परवाना हवा, विमा हवा, पिंजऱ्याची तपासणी हवी. काहींनी खर्च नको म्हणून रात्री गाडीत घालून माळावर सोडून दिली, असं सांगतात. आणि परदेशी जनावर मोकळं सोडणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १९८१ला झाला. म्हणजे मधे वाट मोकळीच होती.

एक तर सापडलंच. १९८० साली स्कॉटलंडात कॅनिक गावच्या एका मेंढपाळाने पिंजरा लावला आणि त्यात खरोखरची प्यूमा मादी अडकली. तिला वन्यजीव उद्यानात नेलं तर ती इतकी माणसाळलेली, की गुदगुल्या केलेल्या तिला आवडत. नाव ठेवलं फेलिसिटी. १९८५ला ती गेली. आज पेंढा भरून इनव्हर्नेसच्या संग्रहालयात उभी आहे. म्हणजे प्यूमा खरा, पण रानटी नाही.

१९८३ला एक्समूरच्या माळावर एका शेतकऱ्याने आपली शंभरावर मेंढरं गेल्याची तक्रार केली, तेव्हा रॉयल मरीन्सचे नेमबाज पाठवले होते. त्यांनाही रिकाम्या हाताने परतावं लागलं. ते सोडू. बॉडमिनचं प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे.

कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनच्या माळावर काळं जनावर दिसतं, मेंढरं मारतं, असा इतका बोभाटा झाला की १९९५ साली शेती खात्याने अधिकृत चौकशीच लावली. सहा महिने माणसं हिंडली. त्यांची पद्धत मला फार आवडली. लोकांनी जिथे जनावराचे फोटो काढले होते, त्याच जागी जाऊन मोजपट्टी उभी करून त्यांनी पुन्हा फोटो काढले. पाहतात तर 'बिबट्या' घरच्या मांजराएवढाच! अहवालात दोन वाक्यं महत्त्वाची. एक, मोठं मार्जार असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. दोन, ते नाहीच असंही सिद्ध करता येत नाही. ज्याला जे हवं ते त्याने उचललं.

आणि अहवाल येऊन आठवडा होतो न होतो, तोच फौई नदीच्या पात्रात एका शाळकरी मुलाला कवटी सापडली. चांगली सुळेवाली! लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने तपासली. बिबट्याचीच, तरुण नराची. खात्याची फजिती म्हणून लोक टाळ्या पिटणार, एवढ्यात पुढचं निघालं. कवटीची मागची बाजू सफाईने कापलेली होती, मुंडकं गालिच्याला जोडताना कापतात तशी. हाडावर सुरीचे बारीक ओरखडे होते. आणि आत अडकलेली होती झुरळाची अंड्यांची पिशवी, इंग्लंडच्या थंडीत न जगणाऱ्या, उष्ण प्रदेशातल्या झुरळाची. म्हणजे बिबट्या तिकडे कुठेतरी आफ्रिका-आशियात मेला, कातडं गालिचा होऊन कुणा साहेबाच्या दिवाणखान्यात पडलं आणि कधीतरी मुंडकं नदीत आलं. आपल्याकडे म्हैसूरला व्हॅन इंगेन नावाचा कारखाना अशी वाघ-बिबट्यांची मुंडकी नि गालिचे बनवण्यासाठी जगप्रसिद्ध होता, १९९९ला तो बंद झाला. साहेबाने आमच्याकडचे बिबटे मारून नेले आणि शंभर वर्षांनी त्यांचीच कवटी त्याला माळावर भिववते आहे, असा विचार मनात येऊन मी एकटाच हसलो. असो.

याच्या नेमकी उलटी गोष्ट ब्रिस्टलची. १९०३च्या सुमारास डेव्हनमध्ये एका जनावराने दोन कुत्री मारली म्हणून त्याला गोळी घातली गेली. कातडं नि सांगाडा ब्रिस्टलच्या संग्रहालयात आला, चुकीची चिठ्ठी लागली आणि तळघरात पडून राहिला. शंभर वर्षांनी संशोधकांनी तो बाहेर काढला, २०१३ साली निबंध प्रसिद्ध झाला. तो होता कॅनडाचा लिंक्स! कॉबेटने न्यू ब्रन्सविकला पाहिला त्याच जातीचा. दातांवर कीटण इतकं चढलेलं, की बराच काळ पिंजऱ्यात काढला असणार. म्हणजे १९७६च्या कायद्याच्या कितीतरी आधी, इंग्लंडच्या रानात परदेशी लिंक्स हिंडला होता, हे आता नाकारायची सोय नाही.

मग आजही हिंडत असतील का? मला तसं वाटत नाही, आणि कारण साधं आहे. पिंजऱ्यातलं असं जनावर फार तर वीस वर्षं जगतं. १९७६ला सोडलेली कधीच संपली. आज दिसायची तर त्यांची पिलावळ हवी, आणि पिलावळ असली तर गाडीखाली एखादं यायला हवं, कॅमेऱ्यात नीट दिसायला हवं. जानेवारी २०२५मध्ये कुणीतरी स्कॉटलंडात केर्नगॉर्म्सच्या भागात चार लिंक्स बेकायदा सोडले. ते दिसल्यापासून काही दिवसांतच चारही पकडले गेले, त्यातला एक बिचारा मेला. शिवाय पुष्कळांना दिसतो तो 'काळा प्यूमा'. आणि काळा प्यूमा जगात कुठेच आढळलेला नाही! पलीकडची बाजूही सांगायला हवी. २०२४ साली लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका मेलेल्या मेंढीवरून घेतलेल्या नमुन्यात सिंह-बिबट्यांच्या कुळाचा डीएनए मिळाल्याचं वॉरिक विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं. तेवढा एक धागा लोंबतो आहे.

जिथे जनावर असतं तिथे काय होतं, ते आपल्या अकोल्यात दिसलं. (विदर्भातलं नव्हे, नगरकडचं, आता अहिल्यानगर म्हणायचं.) विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतांत कॅमेरे लावले. जंगल नाही, चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं, तरी शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले. तो निबंधही २०१३चाच. तो मी तेव्हाच मराठी पेपरात वाचला होता, आणि त्या दिवशी मला दुपारी झोप आली नाही.

कारण १९८४-८५च्या सुमाराला मी त्याच पट्ट्यात, प्रवरेच्या काठच्या एका शाळेत होतो. आठवीतला एक मुलगा उशिरा आला. वस्तीवरचा, अबोल. म्हणाला, "सर, उसातून वाघरू निघालं, म्हणून लांबच्या वाटेनं आलो." वर्ग खो खो हसला. मीही हसलो. म्हटलं, वाघ डोंगरात असतो, उसात उंदीर असतात. आणि त्याला दोन तास बाहेर उभं केलं. छडी मारली नाही, याचं मला त्या वेळी कौतुक वाटलं असावं. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. कॉबेटसारखा तो हटून बसला नाही, गप्प झाला. त्याने बिबट्या पाहिला की तरस की कुत्रं, कोण जाणे. मी त्याला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. साधनं तपासा, साक्ष पारखा, हे त्याच वर्गाला मी फळ्यावर लिहून देत होतो.

काल पुतणीला फोन केला. हे सगळं थोडक्यात सांगितलं आणि पोराला फोनवर घेतलं. विचारलं, किती लांब होतं? क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडं जास्त. उजेड होता का? होता, पण कमी. किती वेळ पाहिलंस? पाच मोजेपर्यंत. मग विचारलं, शेपूट केवढं होतं? कारण बिबट्याचं लांबलचक असतं, लिंक्सचं आखूड. तो जरा थांबला. म्हणाला, "आजोबा, शेपूट मी बघितलंच नाही. ते अर्धं हेजच्या आत होतं."

"मग लॅब्रडॉरएवढं कशावरून?"

"डोकं तेवढं होतं."

मी ते वहीत लिहून घेतलं, तारीख घालून. येत्या शनिवारी ते तिघं वेव्हर्लीचा पडका मठ बघायला जाणार आहेत. कॉबेटही आपल्या रिचर्डला, मुलाला, तो पोकळ एल्म दाखवायला घेऊन गेला होता, हे ऐकून जावईबापूंनीच ठरवलं.