तिरस्कृतांचे दफन : समाजाचा नकार आणि राज्याचे कर्तव्य

प्रस्तावना

मरणाने वैर संपते असे आपण सहज म्हणतो. वाल्मीकी रामायणात राम याच भावनेने बिभीषणाला रावणाचे अंत्यसंस्कार करण्यास सांगतो. पण ज्याच्याविषयी समाजाला केवळ घृणा वाटते, त्याच्या मृतदेहाचे काय करायचे? महाराष्ट्रातील दोन आणि चेन्नईतील एक अशा तीन घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

१. प्रतापगड : विजेत्याचे औदार्य

१० नोव्हेंबर १६५९ रोजी आदिलशाही सरदार अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांच्या हातून मारला गेला. खान स्वराज्य बुडवायला आला होता. तरीही त्याची कबर आजही तेथे आहे. महाराजांनी त्याचे रीतसर दफन करविले, असे परंपरा सांगते. याउलट १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना हालहाल करून मारले आणि त्यांच्या देहाचीही विटंबना केली. म्हणजे त्या काळी मृताला सन्मान मिळणे हे जिंकणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून होते. औदार्य कितीही मोठे असले तरी तो हक्क नव्हे.

२. मुंबई : नऊ मृतदेह

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. दहा हल्लेखोरांपैकी नऊ जण मारले गेले. मरीन लाइन्स येथील बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने त्यांना जागा देण्यास नकार दिला. निरपराधांना मारणारे मुसलमान असूच शकत नाहीत, अशी ही भूमिका होती आणि देशभर तिचे स्वागत झाले. हल्लेखोरांनी धर्माच्या नावावर सांगितलेला हक्कच या नकाराने फेटाळला गेला.

पाकिस्ताननेही मृतदेह स्वीकारले नाहीत. ते वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात राहिले. अखेर जानेवारी २०१० मध्ये शासनाने त्यांचे गुप्तपणे दफन केले, गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये ते विधिमंडळात जाहीर केले. जिवंत पकडलेल्या कसाबला रीतसर खटल्यानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी झाली आणि तेथेच पुरण्यात आले.

समाजाने नाकारले, राज्याने मात्र दफन केले. असे का? एखाद्या संस्थेला आपल्या जमिनीत जागा नाकारता येते, कारण मृताला दुसरीकडे नेता येते. राज्याने नाकारले तर जागाच उरत नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. पूर्वी फाशीनंतर देह अर्धा तास लटकत ठेवण्याचा नियम तुरुंग नियमावलीत होता. त्यासंबंधीच्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, कलम २१ मधील प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही लागू होतो. शिक्षा जिवंत माणसाला असते. प्राण गेला की ती संपते.

३. आक्षेप : कबरीचे स्मारक झाले तर?

हा आक्षेप खरा आहे. प्रतापगडाच्या कबरीभोवतीचे अनधिकृत बांधकाम नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने पाडले; मूळ कबर मात्र राहिली. १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग येथे फाशी दिलेल्या नाझी नेत्यांचे दहन करून रक्षा पाण्यात सोडण्यात आली, ती याच भीतीने. यावरून दिसते की, स्मारक नाकारूनही देहाची व्यवस्था लावता येते. मृताला किमान सन्मान देणे आणि त्याचा गौरव करणे या भिन्न गोष्टी आहेत.

४. चेन्नई : तिरस्कार पसरतो तेव्हा

वेस्ट मांबलमच्या उत्तरेला किलपॉक आणि अण्णानगर हे चेन्नईचे भाग आहेत. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने मृत्यू पावलेल्या एका न्यूरोसर्जनचे दफन करण्यासाठी गेलेल्या लोकांवर जमावाने हल्ला केला, रुग्णवाहिकेवर दगडफेक केली. शेवटी एका सहकारी डॉक्टरने रात्री अण्णानगरच्या वेलंगाडू दफनभूमीत मोजक्या मदतनिसांसह त्यांना माती दिली. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सन्मानाने दफन होणे हा कलम २१ चाच भाग असल्याचे म्हटले. राज्य शासनाने वटहुकूम काढून अशा अंत्यसंस्कारांना अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला.

या डॉक्टरांचा दोष काय होता? काहीही नाही. लोकांना फक्त भीती वाटत होती. 'पात्र असेल त्यालाच माती' हा नियम एकदा मान्य केला की पात्रता कोण ठरवणार, याला मर्यादा राहत नाही. आज दहशतवादी, उद्या रोगी, परवा परका. गुन्हेगाराच्या देहालाही सन्मान देणारा कायदाच निरपराधाच्या देहाचे रक्षण करू शकतो.

सारांश

प्रतापगडावर जे औदार्य होते, ते संविधानामुळे कर्तव्य झाले. दफन हे मृताच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. ते जिवंतांनी पाळायचे बंधन आहे.

विचारार्थ प्रश्न

१. कब्रस्तानाच्या विश्वस्तांचा नकार आणि चेन्नईतील जमावाचा अडथळा यांत कोणता फरक आहे?
२. मुंबईतील दफन गुप्त ठेवणे योग्य होते का? दोन्ही बाजू मांडा.