तक्रार मराठीत टाइप होण्याआधी

आज आपण महापालिकेकडे मोबाइलवरून मराठीत तक्रार करतो. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी? सरकारी फाइल उघडायची, आणि तो ठरावीक फॉन्ट नसला की स्क्रीनवर नुसता गिचमिडकाला!

१९८५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या एनसीएसटीत ‘इंडिक्स’ प्रकल्पानं लिनक्सला देवनागरी शिकवली. तिथेच र. कृ. जोशींनी ‘रघु’ हा मुक्त युनिकोड फॉन्ट घडवला. २००३ मध्ये संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली; आज तिचं एक केंद्र आपल्या नवी मुंबईत, खारघर स्टेशनसमोर आहे.

युनिकोडमधला मजकूर कुठल्याही फोनवर दिसतो, अंध माणसाचा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. पण नोटीस स्कॅन करून नुसता फोटो टाकला, की तो मुका होतो. तशी दिसली, तर तक्रार करा. मराठीतच!