ऑफिसच्या फोनवर लाल दिवा लुकलुकतोय? व्हॉइस मेलबॉक्स वापरायचा कसा, आणि पिन आधी का बदलायचा?

नव्या नोकरीत टेबलावर फोन मिळतो आणि एक दिवस त्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. फोन बिघडला असं समजून अनेक जण तिकडे बघतही नाहीत. प्रत्यक्षात कुणीतरी निरोप ठेवलेला असतो.

आपल्याकडे ही सवय फारशी रुजली नाही. मिस्ड कॉल दिसला की उलट फोन, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप. पण परदेशी क्लायंटसोबत काम असेल, तर समोरचा माणूस बीपनंतर बोलून मोकळा होतो आणि तुम्ही ते ऐकलंय असं गृहीत धरतो.

हा निरोप तुमच्या फोनमध्ये नसतो. तो ऑफिसच्या टेलिफोन यंत्रणेच्या, म्हणजे पीबीएक्सच्या सर्व्हरवर तुमच्या एक्स्टेन्शनच्या नावाने साठवलेला असतो. म्हणूनच कंपनीने सोय दिली असेल तर तो घरूनही ऐकता येतो. फक्त पिन लागतो.

बटणं प्रत्येक कंपनीत वेगळी असतात. काही फोनवर पाकिटाचं चित्र असलेलं बटण असतं, ते दाबलं की झालं. फ्रीपीबीएक्स या यंत्रणेत साधारणपणे स्टार ९७ डायल करून पिन टाकायचा. १ दाबून निरोप ऐका, ५ ने पुन्हा ऐका, ६ ने पुढचा, ७ ने डिलीट, ९ ने सेव्ह. मुख्य मेन्यूत ० दाबलं की स्वतःच्या आवाजातलं ग्रीटिंग रेकॉर्ड करता येतं. ग्रीटिंगमध्ये नाव, विभाग आणि तातडीचं काम असेल तर कुणाला फोन करायचा, एवढं पुरे.

आता पिनकडे. सुरुवातीचा पिन बऱ्याचदा १२३४ किंवा थेट एक्स्टेन्शनचाच नंबर असतो. तो तसाच ठेवणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दारातच अडकवणं.

ब्रिटनमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'साठी काम करणाऱ्यांनी लोकांच्या मोबाईलचे व्हॉइसमेल चोरून ऐकले. अनेकांनी कंपनीने दिलेला पिन बदललेलाच नव्हता, याचा त्यांना फायदा झाला. २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या, आणि नंतर खून झाल्याचं उघड झालेल्या १३ वर्षांच्या मुलीचे निरोपही ऐकले गेल्याची बातमी २०११ मध्ये आली आणि १६८ वर्षांचं ते वृत्तपत्र त्याच महिन्यात बंद पडलं.

सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी ब्राझीलचं प्रकरण लक्षात ठेवावं. २०१९ मध्ये तिथल्या बड्या अधिकाऱ्यांची टेलिग्राम खाती हॅक झाली. लॉगिनचा कोड फोन कॉलवरून मागवायचा, तेव्हा लाईन व्यस्त ठेवायची, म्हणजे कोड व्हॉइसमेलमध्ये पडतो. तिथून तो ऐकायचा.

ऑफिसच्या मेलबॉक्सवर आणखी एक डाव खेळला जातो. अमेरिकेच्या एफसीसीने याबद्दल सावध केलं आहे. चोर तुमचं ग्रीटिंग बदलून त्या जागी फक्त 'येस, येस, येस' रेकॉर्ड करतो. मग बिल समोरच्याने भरायचा आंतरराष्ट्रीय कॉल त्या नंबरवर लावतो. ऑपरेटरच्या यंत्राला होकार ऐकू येतो आणि बिल कंपनीच्या नावावर चढतं. त्यामुळे पिन बदलाच, आणि अधूनमधून दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच कॉल करून ग्रीटिंग ऐका. दिवाळीच्या सुट्टीचं ग्रीटिंग डिसेंबरपर्यंत वाजत असेल, तर तेही कळेल.