समुद्रतळावरची चाकोरी

२६ जानेवारी १९८१. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बटाट्याएवढे काळे गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले. आज त्या गोट्यांसाठी ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा भारताकडे आहे.

पण पाच किलोमीटर खालून ते वेचायचे कसे? तिथला गाळ इतका मऊ की साधी चाकं रुतणारच. भातखाचरात चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील का लावतात, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तेच गणित तिथे. म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं 'वराह' यंत्र रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चालतं. एप्रिल २०२१ मध्ये ते ५२७० मीटर खोलीवर चालून आलं. पुराणातल्या वराहाने पृथ्वी वर काढली, तेच नाव!

आता दुसरी बाजू. १९७९ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी पॅसिफिकच्या तळावर असंच एक यंत्र चालवलं. त्याला ना चाक ना पट्टा, मोठाले स्क्रू फिरवत ते गाळातून पुढे सरकायचं. चाचणी संपली, सगळे घरी गेले. २०२३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ तिथे परतले, तर ४४ वर्षांपूर्वीची चाकोरी जशीच्या तशी! काही लहान जीव परतू लागलेत, पण तळाला चिकटून राहणारे मोठे जीव त्या चाकोरीत अजून तुरळकच. तिथे हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ साचतो. चर बुजणार कसा?

पुढचं काम आणखी अवघड आहे. २०१६ च्या करारानुसार आपण समुद्रातल्या डोंगररांगांवर सल्फाइड खनिजं शोधतोय. तिथे गाळाचं मैदान नाही; खडक, चढ, कपारी. अशा जागी प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होणारी, चंद्रावरच्या रोव्हरसारखी गाडी उपयोगी पडू शकते. पण उष्ण झऱ्यांभोवती दुसरीकडे न सापडणारे जीवही याच रांगांवर राहतात.

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या डीप ओशन मिशनचा खर्च ४०७७ कोटी. पैसा आपलाच आहे. निकेल-कोबाल्ट बॅटरीला हवेत, हेही खरं. म्हणून यंत्र रुतलं नाही एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबू नका. रस्त्यावरचा खड्डा निदान दिसतो, त्यावर ओरडता तरी येतं. समुद्रतळावरची चाकोरी कुणाला दिसत नाही. यंत्रामागे काय उरतं, हे खाणकाम सुरू होण्याआधी विचारायला हवं. नंतर विचारून उपयोग नाही.