दुक्का म्हणजे त्यांचं कूट

शेंगदाण्याच्या कुटाला कूट का म्हणतात? कुटतात म्हणून. इजिप्तच्या 'दुक्का'चंही तेच. अरबीत 'दक्क' म्हणजे कुटणे, त्यावरून हे नाव. भाजलेले तीळ, धणे, जिरे, मिरी, मीठ आणि हेझलनटसारखा सुकामेवा जाडसर कुटायचा. रोटीचा तुकडा आधी ऑलिव्हच्या तेलात, मग यात बुडवायचा. बस्स.

हल्ली दुक्का बरणीतून विकत मिळतो आणि किंमत बघून आपण बरणी गुपचूप परत फळीवर ठेवतो. :) गंमत अशी की हा मुळात साध्या माणसाचा घास. एडवर्ड लेन नावाचा इंग्रज कैरोत राहिला, लोकांचे रीतिरिवाज बारकाईने टिपले आणि 1836 साली त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात दुक्का आहे. तो म्हणतो, ज्यांना चैन परवडत नाही असे लोक बऱ्याचदा नुसत्या रोटी-दुक्क्यावर जेवण भागवतात. त्याने घटकही दिलेत: मीठ, मिरी, रानओवा किंवा पुदिना किंवा जिरे, शिवाय धणे, दालचिनी, तीळ, हरभरे यांपैकी असेल ते.

परत वाचा. हेझलनट नाही, बदाम नाही. आहेत ते हरभरे! म्हणजे आपल्या मेतकुटाचा चुलतभाऊच की.

मग हेझलनटवाला दुक्का जगभर कसा पोचला? याचं बरंचसं श्रेय क्लॉडिया रोडेन यांना. जन्म कैरोचा, 1936 चा, ज्यू कुटुंबातला. 1956 च्या सुएझ प्रकरणानंतर इजिप्तमधल्या ज्यूंना देश सोडावा लागला, त्यात त्यांचे आईवडीलही होते. परत कधी भेट होईल याचा भरवसा नाही, म्हणून ही मंडळी एकमेकांकडून पाककृती मागून घेत. अशा गोळा केलेल्या कृतींतून रोडेनबाईंचं मध्यपूर्वेच्या स्वयंपाकाचं पुस्तक 1968 साली आलं. त्यातल्या दुक्क्यात हेझलनट आहेत, पण तीळ त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. ती एका घरची कृती. शेजारच्या घरात वेगळी असणारच. (आमच्या धंद्याच्या भाषेत, प्रत्येक घराची आपली ब्रँच, मास्टर कुठेच नाही.) त्यामुळे 'अस्सल दुक्का' असं बरणीवर छापलेलं दिसलं की मला हसू येतं.

तेव्हा करायचाच असेल तर हेझलनट शोधत फिरू नका. शेंगदाणे किंवा फुटाणे घ्या, बिनधास्त. चार वाट्या तीळ, दोन वाट्या धणे, वाटीभर दाणे, पाऊण वाटी जिरे, चवीला मीठ-मिरी. सगळं वेगवेगळं भाजा, कारण धण्यांना वेळ लागतो आणि तीळ तडतडले की लगेच उतरवावे लागतात. पूर्ण गार होऊ द्या. खलबत्ता असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर थांबत थांबत, एकेक सेकंदच फिरवा. जास्त फिरवलात तर तिळादाण्यांना तेल सुटून लगदा होतो. आमच्याकडे हा रविवारी केला की बुधवारपर्यंत संपतो, तोही पोळी आणि गोडेतेलाबरोबर.